हिरवे मथळे आणि तीन हॉटडिश

"दुपारपर्यंत करून टाकतो," असं ऑर्व्हिल नेसेट म्हणाला, तेव्हा ऑक्टोबरातला एक सोमवार होता आणि सकाळचे सव्वादहा वाजले होते. कुठल्या दुपारपर्यंत, हे त्याने सांगितलं नाही आणि त्याच्या साहेबीणबाईंनी विचारलंही नाही. हे वाक्य शहाण्या माणसाने फक्त नळ गळत असताना बायकोला म्हणावं. तिला त्याचा खरा अर्थ ठाऊक असतो.

काम तसं एवढंसंच होतं. ऑर्व्हिल बावीस वर्षं लून क्रीक कंपनीत माहितीपुस्तिका लिहीत होता. लून क्रीक स्नोब्लोअर बनवते, म्हणजे आपल्या अंगणातला बर्फ गिळून शेजाऱ्याच्या अंगणात ओकणारं यंत्र. ते चालू कसं करावं, तेल कुठे घालावं आणि हात कुठे घालू नये, हे सगळं ऑर्व्हिलच्या हातचं. चौदा मॉडेलं, चौदा पुस्तिका, आणि वेबवर प्रत्येकीचं एकेक लांबलचक पान. उत्तर मिनेसोटात बायबलाच्या खालोखाल वाचलं जाणारं लिखाण ते हेच, असं तो स्वतः कधी म्हणाला नाही. कुणी म्हटलं असतं तर त्याने फार विरोधही केला नसता.

साहेबीण कॅसिडी नुकतीच ॲरिझोनाहून आली होती. वय एकतीस, डोकं तल्लख, आणि मनात येईल ते तोंडावर बोलायची सवय. त्यामुळे सगळं ऑफिस तिला बिचकून असे. कंपनीचा रंग निळ्याचा हिरवा झाला होता, तर पुस्तिकांचे मथळेही हिरवे व्हावेत, एवढंच तिचं मागणं.

"थँक्सगिव्हिंगच्या आदल्या बुधवारी हॉग्लंडसाहेबांना दाखवायचंय," ती म्हणाली. हॉग्लंडसाहेब म्हणजे कंपनीचे मालक, आणि थँक्सगिव्हिंग हा नोव्हेंबरअखेरच्या गुरुवारचा सण. "आणि ऑर्व्हिल, स्पष्टच सांगते. फिनिक्सची एक कंपनी आपल्या सगळ्या पुस्तिका त्यांच्याकडे घ्यायला तयार आहे. त्यांच्याकडे रंग बदलायला बटण आहे म्हणे. आपल्याला जमत नसेल तर मी त्यांना हो म्हणून टाकते. मग तुमच्या जागेचाही विचार करावा लागेल."

दुसरा कुणी असता तर घाम पुसत बसला असता. ऑर्व्हिल म्हणाला, "दुपारपर्यंत करून टाकतो."

आता यातलं थोडं समजून घ्यायला हवं. ऑर्व्हिल पुस्तिका लिहितो ती साधी: हा मथळा, ही पायरी, हा धोक्याचा इशारा. मग नियमांचं एक बाड आहे, त्याला स्टाइलशीट म्हणतात. ते हा मजकूर घेतं आणि त्याचं वेबपान करून देतं. देतं खरं, पण प्रत्येक मथळ्याच्या अंगावरच रंग, आकार, समास सगळं शिवून. इशाऱ्याभोवती एक तक्ता, त्यात दुसरा तक्ता, त्यात तिसरा, आणि तिसऱ्याच्या आत एक बिचारं वाक्य: हात घालू नका. म्हणजे कपडे बदलायचे तर आधी माणूस उसवायला हवा. निळा रंग किती ठिकाणी शिवलाय हे ऑर्व्हिलने मोजून घेतलं, तर सहा हजार तीनशे बारा ठिकाणी.

खरा उपाय एकच होता. नियमच असे बदलायचे की पानाने फक्त हा मथळा, ही पायरी, हा इशारा एवढं सांगावं आणि गप्प बसावं. कुणी काय ल्यायचं, ते एका वेगळ्या फाइलीत एकदाच लिहायचं. मग हिरवं म्हणा, जांभळं म्हणा, एक ओळ बदलली की चौदाही पुस्तिकांचा पोशाख बदलला.

असला गचाळ कारभार कुणी करून ठेवला, याचा त्याला भयंकर संताप आला. लोकांना कामाची लाज म्हणून काही उरली नाही, असं पुटपुटत त्याने बाडाचं पहिलं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं: "तात्पुरती सोय. नाताळानंतर नीट करणे. ऑ. ने." तारीख एकवीस वर्षांपूर्वीची होती. ऑर्व्हिलने इकडेतिकडे पाहिलं, ती ओळ पुसली आणि पुटपुटणं थांबवलं.

शेजारी ड्वेन कोवाल हा निवृत्त सुतार. जगातल्या प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे एका न्हाणीघराचं उत्तर असे. शनिवारी पानं गोळा करता करता त्याला सगळी हकीकत कळली.

"म्हणजे भिंत उघडलीस तू," तो दाताळ्यावर रेलून म्हणाला.

"भिंत कसली? नियम आहेत रे, वेबपानाचे."

"तेच ते. अठ्ठ्याण्णव साली मी न्हाणीघरातली एक फरशी बदलायला काढली. एक. मागे पाइप कुजलेला. पाइपामागे खांब कुजलेला. आठ महिने आम्ही बायकोच्या बहिणीकडे आंघोळीला जात होतो. ती अजून बोलून दाखवते. माझं ऐक, वरून रंग मार आणि गप बस."

"वरून मारता येत नाही, तेच तर दुखणं आहे."

"मग हरणांच्या शिकारीआधी उरक. एकदा मोसम सुरू झाला की या गावात तुला प्रेताला खांदा द्यायलाही माणूस मिळायचा नाही."

घरात मार्लिसने, म्हणजे त्याच्या बायकोने, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण हिरवाच का?"

नवी फाइल सर्व्हरवर ठेवायची तर बदल समितीकडे अर्ज करावा लागे. त्यात सातवा प्रश्न असा: या बदलामुळे वाचणाऱ्याला काय वेगळं दिसेल? ऑर्व्हिलचा बेत होता की आधी सगळं निळंच ठेवून साफसफाई करावी, आणि ती पचली की मग हिरवं करावं. म्हणून त्याने प्रामाणिकपणे लिहिलं, "काहीही नाही." अर्ज परत आला. ज्यात काही बदलत नाही तो बदल नव्हे, आणि जो बदल नव्हे त्याला परवानगी देण्याचा समितीला अधिकार नाही, असा शेरा होता. त्याने खोडून "थोडंसं" लिहिलं. थोडंसं म्हणजे नेमकं किती, असं विचारत अर्ज पुन्हा परत आला. मग त्याने "इशाऱ्यांच्या चौकटी जरा स्वच्छ होतील" असं लिहिलं, आणि हात दाखवून अवलक्षण केलं. इशारा हा शब्द दिसताच अर्ज कंपनीच्या वकिलाकडे, प्रुइटकडे गेला.

प्रुइट हा अतिशय सौम्य माणूस. त्याने जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं, आणि तरीही त्याच्या टेबलावरून कधी काही पुढे सरकत नसे.

"छानच कल्पना आहे," तो म्हणाला. "मी आपला विचार करत होतो, तुम्हाला फार त्रास नसेल तर, प्रत्येक इशारा आधी दिसत होता तसाच आताही दिसतो, हे एकदा डोळ्यांखालून घातलंत तर बरं होईल."

"प्रत्येक?"

"किती असतील? थोडेच ना?"

"चारशे सत्तावीस."

"हां," प्रुइट म्हणाला. "तेवढेच."

ऑर्व्हिलने जुनं पान छापलं, नवं पान छापलं, दोन्ही एकावर एक ठेवून कँटीनच्या खिडकीच्या काचेवर धरली आणि उजेडात रेघेला रेघ जुळते का ते पाहिलं. असं आठ दिवस. कॉफी घ्यायला येणारा प्रत्येक जण दोन्ही हात वर करून काचेला चिकटलेल्या या माणसाकडे पाही आणि अदबीने वळसा घालून जाई. गोदामातल्या एकाने मात्र "काच निखळलीय का? धरू का मी थोडा वेळ?" असं विचारलं. बावीस वर्षांची नोकरी, आणि लोक आपल्याला खिडकीचा टेकू समजतात, हे ऑर्व्हिलला फार लागलं.

सफाईचा एक अवगुण आहे. तिची चटक लागली की माणूस कोपऱ्यातलं जाळंही सोडत नाही. पानांमध्ये जागोजाग रिकाम्या खुणा सापडल्या. प्रत्येकीला नाव होतं, आत काहीच नव्हतं. त्या पडद्यावर दिसत नव्हत्या, कागदावर छापल्या जात नव्हत्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ऑर्व्हिलने त्या एकूण एक झाडून टाकल्या. जिथे नऊशे ओळींची अडगळ होती तिथे आता नव्वद ओळी उरल्या. त्या तो पुन्हा पुन्हा वाचायचा आणि स्वतःशीच हसायचा.

गुरुवारी संध्याकाळी त्याने मार्लिसला लॅपटॉपवर दोन्ही पानं शेजारी शेजारी दाखवली.

"सारखीच आहेत," ती म्हणाली.

"हो ना!"

"म्हणजे काहीच फरक नाही?"

"तसूभर नाही."

"आणि याला तीन आठवडे लागले?"

"सव्वातीन," ऑर्व्हिल अभिमानाने म्हणाला. मार्लिसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. लग्नाला एकोणतीस वर्षं झाल्यावर कुठे बोलायचं नाही हे माणसाला कळतं.

शुक्रवारी, शिकारीचा मोसम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, नवी पानं लागली. ऑर्व्हिलने सगळ्यांना कळवलं: काही अडचण आली तर सांगा, दहा-बारा दिवसांत तक्रार नसेल तर मथळे हिरवे करतो. रविवारी नऊ इंच बर्फ पडला, गावोगावचे स्नोब्लोअर बाहेर निघाले, आणि तक्रार एकही आली नाही.

उलट लोक भलतेच गोड वागू लागले. मंगळवारी लव्हॉन लिंबाच्या वड्यांचा ट्रे घेऊन आली. लव्हॉन एकोणीस वर्षं मदतीच्या फोनवर बसते. गिऱ्हाइकांचे फोन ती एकटी घेते. "सहज केल्या होत्या," म्हणाली. प्रुइटने केळ्याचा केक ठेवला, तोही सहज. गुरुवारी ड्वेनच्या बायकोने, आर्डिसने, हॉटडिश पाठवली: खाली खिमा आणि मशरूमचं सूप, वर बटाट्याच्या तळलेल्या गोळ्यांचा थर, ओव्हनमधून थेट. शनिवारी दुरुस्ती खात्याच्या मुख्याच्या बायकोकडून दुसरी आली. रविवारी चर्चमधून आल्यावर पाहिलं तर दारात तिसरी, वर टॉवेल गुंडाळलेला.

"चांगल्या कामाची लोकांना कदर असते गं," ऑर्व्हिल दुसऱ्यांदा वाढून घेत म्हणाला.

मार्लिस उघड्या फ्रिजपुढे तिसरी हॉटडिश हातात धरून उभी होती. आत जागा नव्हती.

"ऑर्व्हिल," ती म्हणाली, "कोण गेलं?"

"गेलं म्हणजे?"

"आपल्या गावात न सांगता हॉटडिश येते ती दोनदाच. घरात मूल झालं की, आणि माणूस गेलं की. मूल तर झालेलं नाही."

ऑर्व्हिलचा काटा तोंडाजवळच थांबला. आठवडाभर तो मिटक्या मारत खात होता, तो आपलाच दुखवटा होता की काय, असं वाटून त्याने काटा खाली ठेवला. तसाच कोट चढवून तो शेजारी गेला. ड्वेन अंगणात फावड्याने बर्फ काढत होता. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, तोंड लालबुंद, आणि मागे गॅरेजमध्ये लून क्रीकचं यंत्र नुसतं उभं.

"यंत्र असताना फावडं?"

"व्यायाम होतो."

"ड्वेन."

"हवा छान आहे, म्हटलं जरा..."

"ड्वेन, खरं सांग."

त्या भागात खरं उत्तर तिसऱ्यांदा विचारल्यावर मिळतं. ड्वेनने फावडं टेकवलं. "माझंच चुकलं असेल रे. यंत्राच्या तोंडात बर्फ अडकला. हँडलवर तुमचं ते स्टिकर असतं ना, त्यावर फोन धरला की 'अडकलेला बर्फ कसा काढावा' हे थेट उघडतं. दरवर्षी उघडतं. या वेळी 'लून क्रीक परिवारात आपलं स्वागत आहे' असं उघडलं. मला बरं वाटलं. मग हातमोजा काढून अंगठ्याने पान सरकवत बसलो. पारा शून्याच्या खाली. तेलाच्या प्रकारांपर्यंत पोचलो आणि अंगठा लागेनासा झाला, तेव्हा म्हटलं, जाऊ दे. तुझं काही नाही त्यात."

ऑर्व्हिलच्या डोळ्यांपुढे त्या रिकाम्या खुणा उभ्या राहिल्या. स्टिकर पान उघडतं, त्या नावाची खूण शोधतं आणि तिथे जाऊन थांबतं. खूण नाही, म्हणून ते दारातच थांबत होतं. चाळीस हजार यंत्रांवरची चाळीस हजार स्टिकरं गारठलेल्या माणसांना फक्त सुस्वागतम म्हणत होती.

सोमवारी सकाळी तो लव्हॉनसमोर जाऊन बसला.

"किती फोन आले?"

"बर्फाचा मोसम आहे, येतातच की."

"लव्हॉन."

"म्हणजे तसे बरेच."

"लव्हॉन, किती?"

"तीनशे चाळीस. पण ओरडलं कुणी नाही हं. सगळे माफीच मागत होते. आपल्यालाच जमत नाही म्हणायचे. एका आजोबांनी तर नवा फोन घेतला."

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"कसं सांगायचं? तू इतका खूश होतास. आठवडाभर त्या काचेला धरून उभा होतास." ती खाली बघत म्हणाली, "म्हणून तर वड्या आणल्या."

ऑर्व्हिलने बोटांवर मोजलं: वड्या, केक, तीन हॉटडिश.

"आणि तुला फार त्रास नसेल तर," लव्हॉन पुढे म्हणाली, "ती वाकडी चौकट परत आणता येईल का? सुट्या भागांच्या यादीची, उजवीकडे झुकलेली. एकोणीस वर्षं मी लोकांना सांगते, वाकडी चौकट दिसेपर्यंत खाली या, तिच्या खालची तिसरी ओळ वाचा. आता सगळ्याच चौकटी सरळ आहेत. सांगू काय?"

ती चौकट जुन्या नियमांतल्या चुकीने वाकडी होती. इशारा नसल्याने ती प्रुइटच्या यादीत नव्हती, आणि ऑर्व्हिलने ती मोठ्या प्रेमाने सरळ केली होती.

बुधवार दोन दिवसांवर आलेला. ऑर्व्हिल जागेवर येऊन डोक्याला हात लावून बसला. फिनिक्सवाले जिंकले, असं त्याने मनोमन मान्य केलं, आणि त्याला मनापासून वाईट वाटलं. नोकरीचं तर वाटलंच. पण ड्वेनच्या अंगठ्याचं जास्त वाटलं. बावीस वर्षं आपण लिहिलं ते अशा माणसाला अशा वेळी सापडावं म्हणून, आणि नेमकं तेच आपण झाडून टाकलं.

मग त्याने नव्या नियमांकडे पाहिलं आणि हळूहळू सरळ बसला. त्याच्या मूळ मजकुरात प्रत्येक विभागाला नाव होतंच. पान आता फक्त "हा विभाग" एवढंच सांगत होतं. त्या विभागालाच त्याचं नाव चिकटव, असा एक नियम एका जागी लिहिला की झालं. जुन्या बाडात हेच त्रेसष्ट ठिकाणी करावं लागलं असतं, आणि तरी चौसष्टावं राहिलं असतं. अकरा मिनिटं लागली, मधल्या कॉफीसकट. वाकड्या चौकटीला पोशाखाच्या फाइलीत एकच ओळ पुरली: सुट्या भागांची यादी बोटभर उजवीकडे. पूर्वी जे चुकून वाकडं होतं, ते आता चौदाही पुस्तिकांत शिस्तीत वाकडं झालं.

तो कारखान्यात गेला आणि तयार यंत्राच्या स्टिकरवर फोन धरला. 'अडकलेला बर्फ कसा काढावा.' ऑर्व्हिलच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या कामगाराला त्याने धुळीचं कारण सांगितलं.

मग त्याने त्या भागात तीन पिढ्यांत कुणी केलं नव्हतं ते केलं. कॅसिडीकडे जाऊन, तिने न विचारता, पहिल्याच वाक्यात खरं सांगितलं. "माझ्या हातून चूक झाली होती. तीनशे चाळीस लोकांना त्रास झाला. आता दुरुस्त केलंय."

"आणि मला हे कुणीच कळवलं नाही?"

"तुमच्या टेबलावर वड्या आल्या नव्हत्या?"

"आल्या होत्या," कॅसिडी म्हणाली. "मला वाटलं, कुणाचा तरी वाढदिवस आहे."

बुधवारी हॉग्लंडसाहेब मोठ्या टेबलाच्या टोकाला येऊन बसले. वय पंच्याहत्तर, बोलणं जेमतेम. ऑर्व्हिलने एक ओळ बदलली, आणि चार सेकंदांत चौदाही पुस्तिकांचे सगळे मथळे हिरवेगार झाले. साहेबांनी चष्मा नाकावर सरकवून पाहिलं.

"हं," ते म्हणाले. "वेगळा आहे."

कॅसिडीचा चेहरा खुलला. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. प्रुइट आपल्या कॉफीत काहीतरी शोधू लागला. त्या मुलखात याहून कडक निषेध कुणी ऐकलेला नव्हता. ऑर्व्हिलने तीच ओळ पुन्हा बदलली. चार सेकंदांत सगळं पुन्हा निळं झालं.

"बरा आहे," हॉग्लंडसाहेब म्हणाले. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवशी बायकोबद्दलही ते एवढंच बोलले होते. मग त्यांनी कॅसिडीकडे पाहिलं. "त्या फिनिक्सवाल्यांच्या बटणाला किती वेळ लागतो?"

कॅसिडीने कागद चाळले. खोटं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. "दोन दिवस," ती म्हणाली. "आधी अर्ज करावा लागतो."

"हं," साहेब म्हणाले, आणि कॉफी उरली आहे का, असं विचारलं. फिनिक्सचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

तर सव्वापाच आठवड्यांनी मथळे जिथे होते तिथेच, निळेच्या निळे. ऑर्व्हिल असा तरंगत घरी गेला की ड्वेनने विचारलं, "मग, भिंत बंद झाली का?" ऑर्व्हिल म्हणाला, "दार बसवलं." यावर ड्वेनला न्हाणीघरातलं काही आठवेना.

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी दारात कुणीही काहीही आणून ठेवलं नाही. आर्डिस फक्त आपलं रिकामं भांडं न्यायला आली, तेही रिकाम्या हाताने. ऑर्व्हिलने तिला मोठ्या आनंदाने दारापर्यंत पोचवलं.

फक्त एक गोष्ट त्याच्या मनातून जाईना. त्याच्या वाट्याच्या तीनशे चाळीस माफ्या लव्हॉनने एकटीने ऐकल्या होत्या. रविवारी त्याने आयुष्यात पहिल्यांदा ओव्हन पेटवला, मार्लिसच्या देखरेखीखाली लिंबाच्या वड्या केल्या, आणि सोमवारी सकाळी तो ट्रे लव्हॉनच्या टेबलावर ठेवला.

"सहज केल्या होत्या," तो म्हणाला.

लव्हॉन कुणाशी तरी फोनवर बोलत होती. तिने ट्रेकडे पाहिलं, ऑर्व्हिलकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. फोनवर हात दाबून तिने हळूच विचारलं,

"ऑर्व्हिल, आता काय मोडलंस?"